पट्टा घेताना आधी कड बघा

चामड्याचा पट्टा घेताना बक्कल नंतर बघा, आधी कड बघा. अस्सल चामड्याच्या कडेला आतले तंतू दिसतात, किंवा ती नीट घासून, रंगवून गुळगुळीत केलेली असते. दोन पातळ थरांमध्ये पुठ्ठ्यासारखा भराव दिसला, तर तो पट्टा सोडून द्या. भोकांपाशी तो लवकर फाटतो. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर भुलू नका, खालच्या कमकुवत थरावरही तो मारलेला असतो. 'फुल ग्रेन' म्हणजे कातडीचा वरचा, न घासलेला थर. तोच वर्षानुवर्षं टिकतो, आणि वापरून आणखी देखणा होतो. वाकवून पाहिल्यावर प्लास्टिकचा लेप तडकल्यासारखा दिसतो, चामड्यावर मात्र फक्त बारीक सुरकुत्या येतात.

माप पँटच्या कमरेपेक्षा २ इंच जास्त घ्या, म्हणजे ३४ ला ३६. पिन मधल्या भोकात बसायला हवी. ऑफिसच्या पँटला ३ ते ३.५ सेंमी रुंदी शोभते, जीन्सला ४ सेंमीपर्यंत चालते. मुंबईत असाल तर धारावीतली चामड्याची दुकानं जरूर पालथी घाला. पावसाळ्यात पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. हवेशीर जागी टांगून ठेवा.