घरच्या बिअरच्या बाटलीत साका बसतोय? या चुका टाळा

आधी एक सांगतो, बाटलीत साखर घालून गॅस तयार करायचा म्हटलं की तळाला यीस्टचा पातळ थर बसणारच, तो पूर्ण घालवता येत नाही. पण बोटभर जाड साका बसत असेल तर कुठेतरी चुकतंय, आणि बहुतेक वेळा कारणं तीच ती असतात. (हे आम्हा अमेरिकेतल्या मंडळींसाठी, इथे १९७८ च्या कायद्यानंतर घरी बिअर करायची मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय करणं गुन्हा आहे, तिकडे करू नका.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. एअरलॉकमधले (झाकणावरची पाणी भरलेली नळी, तिच्यातून गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही) बुडबुडे थांबले की लोक लगेच बाटल्या धुवायला घेतात. अरे, झाकण लीक असलं तरी बुडबुडे थांबतात! हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) वापरा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तेच रीडिंग आलं तर फर्मेंटेशन (आंबणं) संपलं. तरी यीस्ट अजून तरंगतच असतं. मी आणखी आठवडाभर हात लावत नाही, मग फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) फ्रिजमध्ये १-२ डिग्री सेल्सियसला दोन-तीन दिवस ठेवतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी पिंपात रात्रभर ठेवलं की वर निवळ येते ना, तसंच होतं. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात मी पाण्याऐवजी वोडका भरतो. सगळं यीस्ट खाली बसलं तर बाटलीत गॅस कसा होणार ही भीती नको, पुरेल इतकं यीस्ट उरतंच.

दुसरी चूक बघितली की मला खरंच राग येतो. ओळखीतल्या एकाने छान पेल एल प्रकारची बिअर केली, धीर धरला, थंड केली, एकदम नितळ झाली. मी मदतीला पोचलो तर हा साखरेचा पाक थेट फर्मेंटरमध्ये ओतून मोठ्या चमच्याने ढवळत उभा! का तर दुसरी बादली धुवायचा कंटाळा. तळाचा सगळा गाळ वर, महिन्याभराची मेहनत पाच मिनिटांत गेली, आणि साखरही नीट मिसळली नाही, त्यामुळे काही बाटल्या सपक आणि काही उघडल्या की फेस सिलिंगकडे, आणि त्या फेसाबरोबर तळाचा साकाही ग्लासात. बॉटलिंगची बादली वेगळीच हवी, यात शॉर्टकट नाही. ५ गॅलनला साधारण ११५-१२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर), वजनकाट्यावर मोजून, दोन कप पाण्यात उकळून गार करून बादलीच्या तळाशी ओता आणि नळी तळाला गोल टेकवून वरून बिअर येऊ द्या, आपोआप मिसळते. साखर किती लागेल ते ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढत असाल तर त्यात टेंपरेचर फर्मेंटेशनचं टाका, फ्रिजचं नाही.

बिअर खेचून काढायची नळी, म्हणजे सायफन, फर्मेंटरच्या तळाला टेकवू नका. आदल्या रात्रीच फर्मेंटर टेबलावर, एका बाजूखाली लाकडाचा तुकडा घालून तिरका ठेवा म्हणजे उचलताना हिंदकळलेलं परत बसतं. शेवटचा लिटरभर सोडून द्या, तेवढ्यासाठी जीव काढू नका! ड्राय हॉप्स (न उकळता थेट फर्मेंटरमध्ये घातलेले हॉप्स, म्हणजे बिअरला वास देणारी फुलं) असतील तर सायफनच्या टोकाला उकळलेली मलमलची पिशवी.

निवळावी म्हणून बिअर दुसऱ्या कार्बॉयमध्ये (मोठ्या बाटलीसारख्या भांड्यात) काढणं मी पूर्ण बंद केलंय, हवा लागून बिअर शिळी होते. सुरुवातीला माल्टचं पाणी उकळताना शेवटच्या १० मिनिटांत, बिअर निवळायला, आयरिश मॉस जरूर घाला, ते समुद्री शेवाळ आहे. पहिल्याच बॅचला निवळण्यासाठी जिलेटिन मागवणाऱ्यांनी आधी धीर धरून बघावा, आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, घरात शाकाहारी कोणी पिणार असेल तर आधी सांगा.

बाटल्या दोन आठवडे २० डिग्रीच्या आसपास, मग निदान तीन-चार दिवस फ्रिजमध्ये उभ्याच. आडव्या ठेवल्या की साका कडेला पसरतो. ओतताना एका दमात ओता, मधे बाटली सरळ केली की गाळ उठतो. हेफेवाइझन (गव्हाची जर्मन बिअर) मात्र यातून वगळा, तिच्यात यीस्ट तरंगायलाच हवं.