कोकणात जाताना भरतीचं टायमिंग कसं काढायचं आणि त्सुनामी कशी ओळखायची

कोल्हापूरकरांचं कसं असतंय, शनिवारी रात्री ठरतंय आणि रविवारी पहाटे आंबा घाट उतरून गाडी गणपतीपुळ्याच्या रस्त्याला. पेट्रोल बघतो, टायरची हवा बघतो, सुरमई कुठं चांगली मिळते ते पण विचारून ठेवतो, पण समुद्राचं टायमिंग कोणच बघत नाही. मग कोणतरी हौशी वाळूत गाडी घालतोच, आणि पाणी चढायला लागलं की दोरखंड शोधत पळतोय.

टायमिंग काढायला ॲप लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. शुद्ध असो नाहीतर वद्य, हिशोब तोच. दशमी असली तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी आठच्या आसपास पाणी फुल्ल, मधे दुपारी पावणेदोनच्या दरम्यान पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरायचे. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, म्हणून तिथल्या कोळ्यांना एकदा विचाराच. रोज ही वेळ ५० एक मिनिटं पुढं सरकते कारण सगळा खेळ चंद्राच्या ओढीचा, सूर्याची त्यात थोडी भर. पौर्णिमा-अमावस्येला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतंय.

अजून एक, पाणी सारख्या वेगानं चढत नाही. पहिला तास सुस्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येऊन जातंय, गाड्या अडकतात त्या ह्याच वेळेला.

आता त्सुनामी. तिचा चंद्राशी काडीचा संबंध नाही. समुद्राचा तळ भूकंपानं वरखाली सरकला की त्याच्यावरचं सगळंच पाणी ढकललं जातंय. भर समुद्रात ती ताशी ७००-८०० किलोमीटरनं पळते पण उंची मीटरभर पण नसते, होडीतल्या माणसाला पत्ता लागत नाही, किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात वेग मरतो आणि मग पाणी उंच उभं राहतंय. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला आणि दोनेक तासांत पाणी तमिळनाडूत, एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा होती म्हणून काहीजण अजून चंद्रावर खापर फोडतात, पण तो निव्वळ योगायोग.

मग भरती आणि त्सुनामीचा संबंध कुठं येतो? तर उंचीत. आधीच कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर असताना वरनं धरणाचं पाणी सोडलं तर काय होतंय ते आपल्याला सांगायला नको, तसंच भरतीच्या वेळी आलेली त्सुनामी भरतीच्या पाण्यावर चढून आत घुसते, ओहोटीला आली तर तीच लाट कमी आत येते.

आणि टायमिंग पाठ असण्याचा खरा फायदा इथं आहे. ओहोटीला पाणी सहा तास घेत निवांत मागं जातंय. पण तुमच्या हिशोबानं भरती चढायला पाहिजे आणि पाणी पाच-दहा मिनिटांतच लांब समुद्राकडं मागं गेलं, कधी न दिसणारे खडक उघडे पडले, मासे तडफडायला लागले, तर शिंपले वेचायला आणि रील काढायला थांबू नका, पळा. दरवेळी पाणी आधी मागं जातंयच असं पण नाही, कधी थेट चढतंय. म्हणून किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली की तेवढंच कारण पुरे.

"कोकणात कसली त्सुनामी" म्हणणाऱ्यांसाठी, १९४५ च्या नोव्हेंबरात आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला होता आणि लाटा पार मुंबईपर्यंत आल्या, तिथं माणसं वाहून गेली. क्वचित घडतंय, पण घडतंय.

पळायचं कुठं? कोकणात सोपं आहे, गावाच्या वर सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार असतंय, तिकडं चालत सुटा, गाडी काढत बसलात तर त्या अरुंद रस्त्यात सगळेच अडकणार. खाडीच्या कडेनं जाऊ नका, पाणी खाडीतनं पण आत शिरतंय. पहिली लाट ओसरली म्हणून चप्पल-मोबाईल आणायला खाली उतरू नका, पुढची लाट दहा मिनिटांनी पण येते आणि तासाभरानं पण, आणि बऱ्याचदा पहिलीपेक्षा मोठी असते. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) २००७ पासून त्सुनामीचं इशारा केंद्र चालू आहे, तिथनं किंवा प्रशासनाकडनं धोका टळल्याचं कळेपर्यंत सड्यावरच बसायचं.