पेठेतलं ऊन कागदावर: जलरंगात शहर रंगवायला सुरुवात कशी करावी

पुण्यातल्या कसबा पेठेत, तांबट आळीजवळच्या एका बोळात बसून मी बाहेरचं पहिलं चित्र पुरं केलं, तेव्हा समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या आजी उठून बघायला आल्या. बराच वेळ चित्राकडे बघून म्हणाल्या, "सगळं काढलंयस गं पोरी, पण ऊन कुठंय यात?" अडीच तास मी एकेक खिडकी, एकेक कौल, एकेक गज रंगवत बसले होते. घर बरोबर होतं, पण सकाळ चित्रात नव्हती.

तेव्हापासून नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की शहर रंगवायचं म्हणजे आधी ऊन आणि सावली यांची हद्द रंगवायची. ती जमली की चार फटकाऱ्यांतही वाडा उभा राहतो. खाली सांगितलेली सगळी कामं त्या एका हद्दीसाठीच आहेत.

सामान

पैसे कागदावर घाला, रंग-ब्रशात काटकसर चालेल. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत, शक्यतो कॉटनचा कागद घ्या. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि वाटतं की आपल्यालाच जमत नाही. २२ बाय ३० इंचाची एक फुल शीट घेऊन तिचे आठ तुकडे करा. सुरुवातीला तेवढा आकार पुरे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे सगळं मिळतं. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथे एकदा जाऊन वेगवेगळे कागद बोटांनी चाचपून बघाच.

रंग ट्यूबमधले घ्या, सहाच: अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी निळा), येलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमसन (गडद लाल), लेमन यलो. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की पुण्याच्या काळ्या दगडापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे सगळे करडे रंग मिळतात. निळा जास्त घातला तर थंड करडा, सिएना जास्त घातला तर जुन्या लाकडाचा ऊबदार करडा. गोल ब्रश दोन, १२ आणि ६ नंबरचे, आणि तारांसाठी एक लांब केसांचा रिगर. पाण्याचे दोन डबे, मास्किंग टेप, एक हलका बोर्ड. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा टिश्यूपेक्षा कितीतरी बरा.

जागा आणि वेळ

जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते दहा, हा पुण्यात शहर रंगवण्याचा सुगीचा काळ. सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, एका बाजूची घरं उजळतात आणि दुसऱ्या बाजूची एकसंध काळोखात राहतात. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र बसू नका. मेच्या मध्यात तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी जाते. अशा वेळी रंगवायचं काय? शिवाय पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदावर पसरायच्या आत वाळतो.

बहुतेक जण पहिल्या दिवशी शनिवारवाड्यासमोर बसतात. १७३० साली पायाभरणी झालेली ती वास्तू मोहात पाडते, हे खरं. पण दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजाची ती दर्शनी बाजू दिवसभर सावलीतच असते. अनुभवी हाताला त्या सावलीतली निळी छटा आवडते, नवशिक्याला ती सपाट भिंत वाटते. विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकूडकाम आणखी अवघड, ते बघितलं की हात नक्षीकडेच वळतो. पहिल्या पाच-सहा चित्रांसाठी बिननावाचा बोळ निवडा. दोन मजली घर, पुढे आलेलं छज्जं, एखादी उभी स्कूटर, एवढं भरपूर झालं.

आणि पायरीवर बसायच्या आधी विचारा. "काकू, तासभर इथे बसू का? चित्र काढतेय," एवढं म्हटलं की जागा तर मिळतेच, पुष्कळदा चहाही मिळतो.

आधी काड्यापेटीएवढं चित्र

हे कुणालाच करावंसं वाटत नाही, आणि सगळं इथेच ठरतं. वहीत काड्यापेटीएवढी चौकट आखा आणि डोळे बारीक करून समोर बघा. बारकावे पुसट होतात, तीनच गोष्टी उरतात: उजळ, मधलं, गडद. पेन्सिलीने त्या तीनच छटा भरा. उजळ भाग कोरा सोडा. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, एकदा रंगला की तो परत येत नाही. म्हणून उन्हातली भिंत, स्कूटरच्या सीटवरची चमक, दोरीवर वाळत घातलेलं धोतर कुठे राखायचं हे याच चौकटीत ठरवा.

पाच मिनिटांत दोन-तीन अशा चौकटी करा. एकीतही गडद भागाचा एक मोठा, सलग आकार दिसत नसेल तर दोन पावलं सरका.

रेखाटन

२बी पेन्सिल, हलका हात. पहिली रेघ डोळ्याच्या पातळीची. तिच्या वरच्या आडव्या रेषा, म्हणजे पन्हळी, छज्जं, खिडक्यांच्या वरच्या कडा, दूर जाताना खाली उतरतात. तिच्या खालच्या, ओटा आणि रस्त्याची कड, वर चढतात. समोर सरळ जाणाऱ्या बोळात त्या सगळ्या त्या रेघेवरच्या एका बिंदूकडे जातात.

माणसं बहुतेक इथेच चुकतात. तुम्ही उभे राहून चित्र काढत असाल तर सपाट रस्त्यावरच्या सगळ्या उभ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण त्याच रेघेवर येतात, जवळची असोत की लांबची. लांबच्यांचे फक्त पाय वर जातात. पायरीवर बसला असाल तर ती रेघ सगळ्यांच्या छातीशी किंवा कमरेशी येते आणि जवळच्यांची डोकी वर जातात. हे एवढं पाळलं की बोळात खोली येते.

शेवटी सावलीची कड आखा, आणि घड्याळ बघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, अर्ध्या तासात सावली भिंतीवरून चक्क सरकलेली असते. आखली ती आखली, नंतर समोर काहीही दिसो, ती बदलायची नाही.

तीन थर

रंगाचा दाटपणा मी स्वयंपाकघरातून मोजते. पहिला थर कोऱ्या चहासारखा, दुसरा ताकासारखा, तिसरा श्रीखंडासारखा.

पहिल्या थराला बोर्ड थोडा तिरका धरा, खाली एक वही पुरते. मोठा ब्रश भरून आभाळापासून सुरू करा, सेरुलियन अगदी फिका. घराशी आलात की न थांबता ऑकरमध्ये, रस्त्याशी फिक्या करड्यात जा. रंग एकमेकांत मिसळले तर मिसळू देत. राखलेले पांढरे तुकडे सोडून सगळा कागद एकाच दमात ओला व्हायला हवा. खालच्या कडेला साचलेला रंग ब्रश पिळून टिपा. मग हात मागे घ्या, आणि पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या रंगात पाणी पडलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. हाताची पाठ कागदाला लावून बघा, गार लागला तर तो अजून ओला आहे. पावसाळ्यात याला अर्धा तासही लागतो.

दुसरा थर म्हणजे सावली. अल्ट्रामरीन, थोडा क्रिमसन, किंचित सिएना, असा जांभळट करडा पुरेसा कालवून ठेवा, मध्येच संपला तर जोड दिसतो. दिसतो त्यापेक्षा एक छटा गडद घ्या, जलरंग वाळला की फिका पडतो. आता छज्ज्याच्या पोटापासून सुरुवात करून भिंत, दार, ओटा, रस्त्यावर पडलेली सावली, स्कूटरच्या खालचा अंधार, हे सगळं एकच आकार समजून, ब्रश न उचलता खाली आणा. दार कुठे संपलं, ओटा कुठे सुरू झाला, याची काळजी करू नका. तो आकार ओला असतानाच छज्ज्याच्या पोटात थोडा सिएना सोडा, कारण उन्हातल्या रस्त्यावरून परावर्तित झालेला ऊबदार उजेड तिथे पोचतो. रस्त्यावरच्या सावलीत मात्र निळा सोडा, तिच्यावर आभाळाचा उजेड असतो. हे दोन थेंब पडले की सावलीतून हवा खेळायला लागते. चित्राचा सगळ्यात सुखाचा क्षण माझ्यासाठी हाच.

आता लांब ठेवून बघा. खिडक्या नाहीत, माणसं नाहीत, तरी ऊन पडलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर दोष बहुधा फिक्या सावलीचा असतो. वाळल्यावर आणखी एक थर द्या, पण एकाच हाताने, न घासता. घासलं की खालचा रंग उठतो आणि मळकट होतो.

तिसऱ्या थरात खिडक्यांचे काळोख, दाराची फट, टायर. सगळ्या खिडक्या रंगवू नका. जवळच्या दोन नीट, बाकीच्यांचा नुसता ठिपका. माणूस म्हणजे गाजरासारखा एक फटकारा, निमुळतं टोक खाली, आणि वर एक ठिपका. पायाशी ओली सावली जोडली की तो जमिनीवर उभा राहतो. तारा रिगरने एका झटक्यात, खांद्यापासून हात हलवून ओढा. मध्येच तुटली तर तशीच राहू द्या, उन्हात तार तशीच दिसते. खडबडीत भिंतीसाठी ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा फिरवा, कागदाच्या उंचवट्यांनाच रंग लागतो आणि पोपडे आलेला चुना आयता मिळतो.

टेप काढताना कागदापासून बाहेरच्या दिशेला, हळू ओढा.

दहा-बारा बोळ झाले की मंडईत जा. १८८६ सालची ती इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, म्हणजे उजेडापासून काळोखापर्यंतच्या छटांचा धडाच. प्रत्येक बाजूवर ऊन वेगळं पडतं. त्याआधी मात्र पहिल्याच बोळात त्याच दिवशी संध्याकाळी चार वाजता परत या आणि त्याच पायरीवर बसा. सकाळी उजळलेली घरं आता सावलीत असतील आणि समोरची उन्हात. तेच रेखाटन दुसऱ्या तुकड्यावर उतरवा, आणि या वेळी सावलीची कड आधी आखा.