पेपालच्या नावाने आलेला मेल खरा की खोटा, कसं ओळखायचं

फॉरेनच्या क्लायंटचं काम करणाऱ्यांना पैसे ऑनलाइन घ्यायला पेपाल लागतंच, त्यामुळे "तुमचं अकाउंट लिमिट केलंय" असा मेल आला की पोटात गोळा येतो आणि पैसे अडकतील या भीतीने माणूस घाईघाईत लिंक दाबतो. खोटा मेल पाठवणाऱ्या चोरांना तेवढंच हवं असतं. म्हणून मेलमधल्या लिंकवरून लॉगिन कधीच करू नका, ॲप उघडा नाहीतर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाईप करा, खरंच काही भानगड असेल तर आत गेल्यावर दिसतेच.

पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, नाव कुणीही काहीही टाकतं, त्यावर टॅप करून पूर्ण ॲड्रेस बघा. लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो (उघडायचं नाही, फक्त धरायचं). त्यात नेमकं 'पेपाल डॉट कॉम' आहे का आणि त्याच्या नंतर लगेच तिरकी रेघ आहे का ते बघा. 'पेपाल डॉट कॉम डॉट सिक्युअर-लॉगिन डॉट एक्सवायझेड' असलं काही असेल तर ती साईट पेपालची नाहीच. कधीकधी शेवटच्या एलच्या जागी एकचा आकडा टाकतात, फोनवर पटकन कळतही नाही. "डियर कस्टमर" म्हणून सुरुवात असेल तरी सावध व्हा, पेपाल तुमचं नाव घालून लिहितं. आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले पेमेंट बंद केलेत, त्यामुळे इथल्या कुठल्या दुकानाला तुमच्या पेपालमधून पैसे गेले असा मेल आला तर तो सरळ खोटा.

सगळ्यात डेंजर प्रकार वेगळाच आहे. चोर पेपालवर अकाउंट काढून तुम्हाला खरीखुरी इन्व्हॉइस (बिल) पाठवतो, मेल खरंच पेपालच्या सर्व्हरवरून येतो, ॲड्रेस बरोबर, लिंकही बरोबर! डाव असतो तो नोटमध्ये: "ही खरेदी तुमची नसेल तर या नंबरवर फोन करा". फोन केला की समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतो, म्हणजे तुमची स्क्रीन त्याला दिसते. इन्व्हॉइस आली म्हणून पैसे जात नाहीत, तुम्ही पे केलं तरच जातात, तेव्हा तो नंबर लावूच नका, पे करू नका, अकाउंटमध्ये जाऊन इन्व्हॉइस रिपोर्ट करा.

खोटा मेल डिलीट करण्याआधी 'फिशिंग ॲट पेपाल डॉट कॉम'वर फॉरवर्ड करा. पासवर्ड टाकून बसला असाल तर लगेच बदला, तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर तोही, टू-स्टेप (पासवर्डनंतर कोडही लागतो ते) चालू करा. कार्डचे डिटेल्स दिले असतील तर बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा, आणि पैसे गेले असतील तर अजिबात न थांबता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा.