हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्रीच का?

आपल्याकडच्या हत्तीरोगाचे बाळजंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बोटाच्या रक्तात उतरतात, साधारण १० ते २ या वेळेत सर्वाधिक. त्यामुळे दुपारी काढलेल्या रक्ताचा ‘निगेटिव्ह’ अहवाल धरून निश्चिंत होऊ नका. कायम रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांचे हे चक्र उलटू शकते, तेव्हा झोपेची वेळ आधीच सांगा.

काचपट्टीवर रक्ताचा जाड थर घेतात. तो पूर्ण वाळू द्यावा, पण उघड्यावर नको: मुंग्या-झुरळे रात्रीत थर खाऊन टाकतात. मग काचपट्टी स्वच्छ पाण्यात अलगद धरायची. लाली उतरून थर करडा-पांढरा दिसला की रंग द्यायचा. पाण्यात धुण्याआधी चुकून मिथेनॉल (थर काचेवर पक्का करणारे अल्कोहोल) लावले तर तांबड्या पेशी तिथेच पक्क्या बसतात आणि जंतू झाकले जातात. थर फार जाड झाला, तर धुतानाच सुटून जातो.

प्रतिजन (जंतूंपासून रक्तात येणारा पदार्थ) ओळखणारी पट्टी दिवसाही चालते. तिला ७५ मायक्रोलिटर रक्त लागते आणि निकाल बरोबर १० मिनिटांनी वाचायचा. उशिरा उमटलेली रेघ खोटी असू शकते.

औषधानंतर मात्र ही पट्टी कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. गुण आला का, हे रात्रीच्या रक्तातल्या जंतूंच्या मोजणीवरून पाहावे. पाय जुना सुजलेला असेल, तर रक्तात जंतू बहुधा सापडतच नाहीत. तिथे निदान डॉक्टरांनी पाय तपासूनच होते.