युलियाना राणीची गोष्ट अर्ध्या तासात कशी सांगायची

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरला महिन्यातून एकदा संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये कट्टा भरतो, तीस-पस्तीस जण येतात, बरीचशी रिटायर्ड मंडळी, काही सुना आणि त्यांचं बोट धरून आलेली पोरं, आणि दर वेळी कुणीतरी एका माणसाचं चरित्र सांगायचं असं ठरलेलं आहे. मी नेदरलँड्सची राणी युलियाना आत्तापर्यंत चार ठिकाणी सांगितलीये, आमच्या कट्ट्यावर, दोन भिशी मंडळांत आणि एकदा आठवीच्या वर्गात. आता मैत्रिणी विचारतात की आम्हालाही सांगायचीये, तयारी कशी करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी नावं पक्की करा. स्पेलिंग बघून ज्युलियाना म्हणू नका, डच लोक तिथे य म्हणतात, म्हणून युलियाना. आई विल्हेल्मिना, नवरा बर्नहार्ड, मुली बेआट्रिक्स, इरेने, मार्ग्रीट आणि मराइके, राजवाडा सूस्टडाइक. ही नावं घरी भाजी निवडताना वगैरे मोठ्याने दहा वेळा म्हणा, नाहीतर ऐन वेळी जीभ अडखळते आणि लोकांचं लक्ष गोष्टीवरून उडतं. दुसरं म्हणजे राज्याभिषेक हा शब्द वापरू नका. आपल्या तोंडात तो सहज येतो पण डच राजाराणीच्या डोक्यावर मुकुट कुणी ठेवतच नाही, मुकुट बाजूला टेबलावर ठेवलेला असतो आणि राणी संसदेसमोर घटनेची शपथ घेते, म्हणून शपथविधी म्हणा. आणि "ती" म्हणायचं की "त्या"? मी ती म्हणते, आईला म्हणतो तसं. तिला स्वतःला "युअर मॅजेस्टी" सारखं काही आवडायचं नाही, लोकांनी साधं "मेव्हराउ" म्हणावं असं वाटायचं, म्हणजे आपल्याकडे शाळेत "बाई" म्हणतो ना, साधारण तसं. हे सुरुवातीलाच सांगितलं की लोकांच्या डोळ्यासमोर तिचं माणूस म्हणून चित्र उभं राहतं.

सामान फार लागत नाही. युरोपचा एक मोठा प्रिंटआउट, पांढऱ्या शेवंतीची दोन-तीन फुलं आणि एक छोटा कांदा. फुलं आणि कांदा कशासाठी ते पुढे सांगते. प्रोजेक्टर असला तर ठीक, नसला तरी काही अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जन्मापासून सुरू करू नका. मी पहिल्यांदा भिशीत सांगितली तेव्हा ३० एप्रिल १९०९, हेग शहर, आईवडील, शिक्षण अशा क्रमाने गेले आणि पाच मिनिटांत बायका आपसात बोलायला लागल्या, त्यात त्यांची काही चूक नव्हती. तारखांच्या माळेत माणूस दिसत नाही. सुरुवात पुराने करा. नाशिककरांना पूर समजावून सांगावा लागत नाही. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्यापर्यंत आलं ह्यावर आपण पूर मोजतो, आणि १९६९ चा पूर पाहिलेलं कुणी ना कुणी हॉलमध्ये असतंच. त्यांना आधी बोलू द्या, दोन मिनिटं. मग म्हणा, आता अशी कल्पना करा की पाणी नदीचं नाही, समुद्राचं आहे, आणि तुमचं घर समुद्रापेक्षा खाली आहे.

नकाशा इथेच काढायचा. नेदरलँड्सचा जवळपास पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली, बांध घालून राखलेला. आपण नाशकात समुद्रापासून १९०० फुटांच्या आसपास वर बसलोय, त्यामुळे हे पोरांना पटकन झेपत नाही, मी फरशीवर बोटाने रेघ काढते, ही समुद्राची पातळी, आणि हे तुमचं स्वयंपाकघर, असं म्हणून हात रेघेच्या खाली नेते. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. उत्तर समुद्रावर वायव्येचं वादळ, त्यात उधाणाची भरती, आणि नैर्ऋत्येकडच्या झेलांड भागातले बांध एकामागून एक फुटले. रात्री रेडिओचं प्रसारण बंद असायचं त्यामुळे झोपलेल्या लोकांना कळवायला काही साधन नव्हतं. एकट्या नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. त्याच दिवशी युलियानाच्या मोठ्या मुलीचा, बेआट्रिक्सचा, पंधरावा वाढदिवस होता. आणि मग ही राणी गमबूट घालून, जुना कोट चढवून, चिखलापाण्यातून बुडालेल्या गावांमध्ये पोचली. लोकांशी बोलत फिरली. ह्या पुरानंतर डच लोकांनी डेल्टा प्रकल्प हाती घेतला, समुद्राच्या तोंडाशी प्रचंड बांध आणि दरवाजे, त्याचं काम पुढे कित्येक दशकं चाललं. इथे थोडं थांबा, लगेच पुढे पळू नका.

मग विचारा, एवढ्या मोठ्या घरची बाई अशी चिखलात उतरायला शिकली कुठे? आणि आता मागे जा.

बालपण तीन मिनिटांत आटपा. आईबापांच्या लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, हीही झाली नसती तर गादी जर्मन नातेवाइकांकडे जाईल ही देशाला धास्ती, म्हणून जन्माला आली तेव्हा लोकांनी प्रचंड आनंद केला. राजवाड्यातच निवडक मुलींबरोबर शिकली, मग १९२७ मध्ये लायडन विद्यापीठात गेली. १९३७ च्या जानेवारीत जर्मन घराण्यातल्या बर्नहार्डशी लग्न. एवढं पुरे.

जास्त वेळ कॅनडातल्या ओटावाला द्या. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या, राजघराणं इंग्लंडला गेलं, आई विल्हेल्मिना लंडनला राहून सरकारसोबत लढा चालवत होती आणि वारस सुरक्षित राहावा म्हणून युलियानाला दोन लहान मुलींसह कॅनडाला धाडलं. तिथे तिला ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. मुली साध्या सरकारी शाळेत, किराणा स्वतः आणायचा, सिनेमाच्या तिकिटाला रांगेत उभं राहायचं, आणि शेजारणीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा तुमची बाकीची मुलं मी सांभाळते म्हणून ही स्वतःहून पुढे झाली. हे सांगितलं की आमच्या कट्ट्यावरच्या बायका लगेच मान डोलावतात, कारण शेजारणीची पोरं सांभाळणं म्हणजे काय ते त्यांनी केलेलं आहे.

जानेवारी १९४३ मध्ये ओटावाच्या हॉस्पिटलमध्ये तिसरी मुलगी झाली. कॅनडाच्या भूमीवर जन्मली तर ती कॅनडाचीही नागरिक होईल, ते टाळायला कॅनडा सरकारने त्या हॉस्पिटलच्या खोल्या तेवढ्यापुरत्या कॅनडाच्या कायद्याबाहेर धरल्या, म्हणजे बाळ फक्त डच. इथे शेवंती हातात घ्या. मुलीचं नाव मार्ग्रीट ठेवलं, डच भाषेत हे डेझीसारख्या फुलाचं नाव, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळं, दिसायला बरंचसं आपल्या पांढऱ्या शेवंतीच्या जातकुळीतलं, आणि जर्मन ताब्यातल्या देशात हे फूल प्रतिकाराची खूण झालं होतं. फूल पहिल्या रांगेतल्या एखाद्या मुलीच्या हातात द्या आणि मागेपर्यंत फिरू द्या.

फूल फिरतंय तोवर कांदा काढा. ट्युलिपचा कंद दिसायला असाच असतो, लासलगावला छाटणीत बाजूला पडणाऱ्या गोल्टी कांद्याएवढा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्न संपलं, सुमारे वीस हजार माणसं मेली, आणि लोकांनी हेच ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. जे फूल विकून हा देश जगभर ओळखला जातो त्याचे कंद पोटाला खायची वेळ आली. हे सांगताना मी दर वेळी थोडी थांबते, मला पुढचं वाक्य लगेच सुचत नाही. आणि मग त्याच १९४५ च्या शरदात युलियानाने ओटावा शहराला एक लाख कंद भेट पाठवले, आसरा दिला म्हणून. त्यानंतरही दर वर्षी कंद जातात, आणि ओटावाचा ट्युलिपचा उत्सव त्यातूनच उभा राहिला. आपल्या गावाचं जुनं नाव गुलशनाबाद, फुलांच्या भेटीचं मोल इथे वेगळं सांगायला लागत नाही.

४ सप्टेंबर १९४८ ला आईने गादी सोडली आणि दोन दिवसांनी ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये हिचा शपथविधी झाला. त्या भाषणात तिने विचारलेला प्रश्न डच लोकांना अजून पाठ आहे, मी कोण म्हणून मला हे करायला मिळावं. हे वाक्य सावकाश म्हणा. आणि लगेच इंडोनेशिया सांगा, टाळू नका. आपण १९४७ ला सुटलेली माणसं, कुणीतरी हमखास विचारतं की ह्यांच्या वसाहतींचं काय. इंडोनेशियाने १९४५ मध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, डच सरकारने फौजा पाठवून दोनदा कारवाई केली, दुसरी तर डिसेंबर १९४८ मध्ये, म्हणजे ही राणी झाल्यावर. निर्णय मंत्रिमंडळाचा, पण गादीवर ती होती. २७ डिसेंबर १९४९ ला ॲमस्टरडॅमच्या राजवाड्यात सत्ता सोपवल्याच्या कागदावर तिने सही केली. सरळ असं सांगितलं की ऐकणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो.

आता अवघड भाग, आणि माझ्या मते गोष्टीचा जीव इथे आहे. तिची सायकल, तिचे साधे कपडे, तिने दरबारातलं बायकांनी गुडघ्यात वाकून मुजरा करणं बंद केलं, हे सगळं सांगाच, पण नुसतं तेवढंच सांगितलं तर राणी गोड फोटोसारखी वाटते. तिचा साधेपणा तिला जिथे महागात पडला ते सांगा.

१९४७ मध्ये चौथी मुलगी झाली, गरोदरपणात युलियानाला रुबेला झाला होता म्हणून बाळाची नजर जवळजवळ नव्हती. हिच्या डोळ्यांसाठी ग्रेट हॉफमन्स नावाची प्रार्थनेने बरं करते म्हणणारी बाई राजवाड्यात आली, आणि आली ती बर्नहार्डच्याच मध्यस्थीने. मुलीचे डोळे काही सुधारले नाहीत पण युलियानाचा तिच्यावर जीव जडला, दरबारात दोन तट पडले, नवराबायकोत फूट पडली, आणि १९५६ मध्ये जर्मन मासिकात सगळं छापून आलं. सरकारने तिघांची समिती नेमली आणि त्या बाईशी संबंध तोडावे लागले. इथे सभेत कुजबुज होते, कुणी म्हणतं राणी असून बाबा-बुवाच्या नादी लागली, तर मी एवढंच म्हणते की लेकराच्या डोळ्यांसाठी आई काय काय करते ते त्र्यंबकच्या रस्त्याने चालत जाणाऱ्या बायकांना विचारा. तिची चूक झाली हे खरं, ती कशामुळे झाली तेही खरं, दोन्ही सांगा.

दुसरी गोष्ट १९५२ ची. विली लागेस, ॲमस्टरडॅममधल्या नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख, तिथल्या ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्यात त्याचा मोठा हात, त्याला देहदंड झालेला, आणि युलियाना सही करायला तयार झाली नाही. शेवटी शिक्षा जन्मठेपेची झाली. ज्यांची माणसं गेली होती ते भयंकर चिडले. ती बरोबर होती का? मी इथे माझं मत सांगत नाही, सभेला विचारते, आणि आठवीच्या पोरांनी ह्यावर जेवढा वाद घातला तेवढा मोठ्यांनीही घातला नाही.

तिसरी १९७६ ची. लॉकहीड ह्या अमेरिकन विमान कंपनीकडून बर्नहार्डने ११ लाख डॉलर घेतल्याचं प्रकरण चौकशी समितीपुढे आलं, त्याची लष्करी पदं गेली, गणवेश घालायची बंदी झाली. ह्याच्या फार खोलात जाऊ नका, ते नवऱ्याचं प्रकरण आहे, अर्ध्या तासात आपली राणी बाजूला पडते. एवढं मात्र सांगा की इतकं होऊनही लोकांची तिच्यावरची माया आटली नाही.

ती माया कशी दिसायची ते शेवटाकडे दाखवा. दर ३० एप्रिलला, तिच्या वाढदिवसाला, सूस्टडाइकच्या पांढऱ्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर ती कुटुंबासह उभी राहायची आणि समोरून लोक तासन्‌तास चालत जायचे, शाळेची पोरं, बँडवाले, गावोगावचे शेतकरी, कुणी फुलं आणायचं, कुणी केक, आणि पायऱ्या फुलांनी भरून जायच्या. ३० एप्रिल १९८० ला, सत्तरी ओलांडल्यावर, तिने गादी बेआट्रिक्सला दिली आणि स्वतः पुन्हा राजकन्या म्हणवून घेऊ लागली. बेआट्रिक्सचा वाढदिवस जानेवारीत, पण राणीच्या वाढदिवसाचा देशभरचा सण, राणीचा दिवस, तिने आईच्या वाढदिवसालाच ठेवला.

प्रश्नांना दहा मिनिटं राखून ठेवा. पहिला प्रश्न ठरलेला, आता आहे का ती? नाही, २० मार्च २००४ ला सूस्टडाइकलाच गेली, ९४ वर्षांची होऊन, शेवटची काही वर्षं स्मृती गेली होती म्हणून लोकांसमोर येत नसे, आणि डेल्फ्टच्या चर्चमध्ये घराण्याच्या कबरींमध्ये तिला ठेवलं. दुसरा प्रश्न, आता राजा कोण? तिचा नातू, विलेम-अलेक्झांडर, २०१३ पासून. त्याचा वाढदिवस २७ एप्रिल, म्हणून आता त्या दिवशी सगळा देश केशरी कपडे घालून रस्त्यावर येतो. तोवर शेवंती मागच्या रांगेतून फिरून परत तुमच्या टेबलावर आलेली असते, ती पहिल्या रांगेतल्या त्या मुलीलाच देऊन टाका.