चाळीस लिटरच्या टाकीत अखेर कोळंबी टिकली

माशांची टाकी 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. जावा मॉस आणि अनुबियास या पाणवनस्पती छान रुजल्या होत्या. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन छोटे एंजलफिश आणि दहा लाल चेरी कोळंब्या एकदमच आणल्या. महिन्याभरात कोळंब्या दोनच उरल्या. मी पाण्याला दोष देत बसलो, पण टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषं शून्य. मग एका संध्याकाळी एंजलला मॉसमधून कोळंबी ओढून काढताना पाहिलं. फार वाईट वाटलं.

एंजल हाताएवढा उंच वाढतो, त्याला ही टाकी पुरतच नाही. ते दोन्ही मोठ्या टाकीवाल्या मित्राला दिले. त्यांच्या जागी आठ एम्बर टेट्रा आणले: जेमतेम दोन सेंटिमीटरचे, नारिंगी, शांत. अगदी इवलं पिल्लू तेही टिपतात, म्हणून मॉस दुप्पट केलं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसवला, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, तेही क्लोरीन घालवलेलं. खाणं चिमूटभर, एक दिवस उपास. माशांच्या औषधात तांबं नाही ना, हे आधी वाचतो. कोळंबीला ते विषच.

परवा मॉसवर पारदर्शक, मिशांसकट अख्खी कोळंबी दिसली आणि काळजात धस्स झालं. ती नुसती कात होती. शेजारीच तांदळाच्या कणीएवढी तीन पिल्लं चरत होती.